नाशिकमध्ये कॉलेजची नाटकं पाहायला जाताना: नव्या प्रेक्षकासाठी मार्गदर्शक

नाशिकमध्ये दोन राज्य विद्यापीठांची मुख्यालयं आहेत. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ सालचं. पण विद्यार्थ्यांची नाटकं पाहायची म्हणून या विद्यापीठांच्या गोवर्धन किंवा म्हसरूळच्या आवारापासून शोध सुरू करू नका. शहरातलं विद्यार्थी नाटक घडतं ते कॉलेजांच्या कला मंडळांत. एचपीटी-आरवायके, बीवायके, केटीएचएम, भोसला, पंचवटी कॉलेज, शिवाय इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ कॉलेजं. यांतली बहुतेक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यामुळे विद्यापीठाच्या युवक महोत्सवाची नाटकंही याच मुलांची असतात. परंपरा जुनी आहे: वि. वा. शिरवाडकर एचपीटीचे विद्यार्थी, आणि वसंत कानेटकर तिथलेच प्राध्यापक.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांनी व्यावसायिक नाटक पाहिलं असेल किंवा नसेल, पण कॉलेजची एकांकिका कधी पाहिलेली नाही. मित्राचा मुलगा काम करतोय, भाचीने बोलावलंय, किंवा नुसती उत्सुकता आहे, कारण काहीही असो. सल्ला आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे: पहिल्यांदा जाल तेव्हा एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीला नको, प्राथमिक फेरीला जा, आणि ओळखीच्या मुलांची एकच एकांकिका पाहून उठू नका. सलग तीन पाहा.

नेमकं काय पाहणार आहात

आधी प्रकार समजून घ्या, कारण त्यावर तुमचा किती वेळ जाणार हे ठरतं.

एकांकिका हा कॉलेजच्या नाटकाचा कणा. स्पर्धेच्या नियमांनुसार ३० मिनिटांपासून ६० मिनिटांपर्यंत. मध्यंतर नसतं. वेळ ओलांडली तर गुण कापतात किंवा संघ थेट बाद होतो, म्हणून मुलं घड्याळ लावून तालीम करतात. युवक महोत्सवातली एकांकिका ३० मिनिटांच्या आत संपवावी लागते. त्याच महोत्सवात प्रहसन आणि मूकनाट्यही असतं. प्रहसन १० मिनिटांच्या आसपास, मूकनाट्य त्याच्याही निम्मं. ही दोन्ही अगदी मोकळ्या रंगमंचावर होतात, सामान जवळपास शून्य. शरीर आणि टायमिंग एवढ्यावरच सगळं चालतं, त्यामुळे नव्या प्रेक्षकाला ती लगेच आवडतात.

दीर्घांक म्हणजे साधारण सव्वा ते दीड तास, मध्यंतराशिवाय. दोन अंकी नाटक कॉलेजची मुलं क्वचित करतात, कारण दोन तासांचं नाटक उभं करायला लागणारा वेळ परीक्षा आणि सबमिशनमधून निघत नाही. अभिवाचनात मुलं संहिता हातात घेऊन वाचतात. हालचाल कमी, पण चांगल्या वाचनाने कान तयार होतात.

आणि पथनाट्य. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं कॉलेज रोड, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक), गोदाघाट अशा ठिकाणी मतदार जागृतीपासून मूर्तिदानापर्यंत विषय घेऊन ती करतात. १० ते २० मिनिटं, तिकीट नाही. गोलात उभे राहा, लहान मुलांना पुढे बसवा, आणि ढोलकी किंवा डफ वाजवणाऱ्याच्या मागे उभं राहू नका, तिथून एक शब्द कळत नाही.

कधी, आणि कसं कळतं

वर्षाचा एक ठरलेला ताल आहे. जून-जुलैमध्ये प्रवेश आणि नव्या मुलांची निवड. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये स्पर्धांचा पहिला मोसम. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा, जी १९६३ पासून पुण्यात होते, याच सुमाराला असते. या काळात पावसात भिजलेले प्लायवुडचे फ्लॅट (नेपथ्याच्या भिंती) रिक्षाच्या टपावर बांधून नेणारी मुलं शहरात दिसतात. मग परीक्षा आणि दिवाळी. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन, त्या आठवड्यात छोटे कार्यक्रम शोधा. त्यानंतर हिवाळ्याचा मोठा मोसम येतो. ‘लोकसत्ता लोकांकिका’ ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा २०१४ साली सुरू झाली आणि नाशिक हे तिचं विभागीय केंद्र राहिलेलं आहे: आधी प्राथमिक फेरी, मग विभागीय अंतिम, मग मुंबईला महाअंतिम. शासनाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेचं नाशिक केंद्रही साधारण याच दिवसांत चालतं. ती विद्यार्थ्यांची स्पर्धा नव्हे, पण कॉलेजमधून बाहेर पडलेली मुलं तिथेच पुढे दिसतात, तिकीटही नाममात्र असतं. जानेवारी-फेब्रुवारीत स्नेहसंमेलनं. मार्चपासून परीक्षांमुळे शांतता.

तारखा एका ठिकाणी मिळत नाहीत, हीच नव्या माणसाची पहिली अडचण. त्यामुळे तीन ठिकाणी लक्ष ठेवा. एक, वर्तमानपत्रांच्या नाशिक पुरवणीतलं ‘आज शहरात’ किंवा ‘आजचे कार्यक्रम’ छापाचं सदर. दोन, नाट्यगृहाबाहेरचा फलक. शालिमार भागात, जिथे नाट्यगृहं आहेत, तिथून जाता-येता नजर टाकायची सवय लावा. तीन, आणि सगळ्यात खात्रीचं, कॉलेजच्या कला मंडळाचं इन्स्टाग्राम खातं. मुलं पोस्टर तिथे आधी टाकतात, सूचना फलकावर नंतर लावतात. कॉलेजमध्ये विचारायचं असेल तर कार्यालयात न विचारता सांस्कृतिक विभागाच्या किंवा विद्यार्थी विकास मंडळाच्या प्राध्यापकांना विचारा. कार्यालयाला तारीख माहीत नसते, हे नेहमीचं आहे.

पोस्टरवर तीन गोष्टी तपासा: प्रयोग आहे की स्पर्धेतलं सादरीकरण, प्रवेश कुणाला, आणि दिलेली वेळ प्रयोगाची आहे की संघाने हजर राहायची. तिसरी चूक फार होते. मुलं व्हॉट्सॲपवर पाठवतात ती बहुतेक वेळा संघाची हजेरीची वेळ असते, आणि पाहुणे दोन तास आधी येऊन बसतात.

पास, तिकीट आणि ओळखपत्र

स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्यांना बहुधा प्रवेश मोकळा असतो, जागा असेल तर आत जा. अंतिम फेरीला प्रवेशिका लागू शकते. ती काही दिवस आधी ठरलेल्या ठिकाणांवर मिळते आणि लवकर संपते. प्रवेशिका हातात असली म्हणजे खुर्ची मिळाली असं नाही. आसन क्रमांक नसेल तर येईल त्याला जागा, म्हणून अर्धा-पाऊण तास आधी रांगेत असलेलं बरं.

स्नेहसंमेलनात गोष्ट वेगळी. कॉलेजचं फाटक बाहेरच्यांना सहसा बंद असतं. विद्यार्थी किंवा प्राध्यापकामार्फत आदल्या दिवशी नाव कळवा, आधार कार्ड सोबत ठेवा, आणि ज्याने नाव दिलं त्याचा फोन प्रयोगाच्या वेळी बंद असणार हे गृहीत धरून दुसऱ्या कुणाचा तरी नंबर घेऊन ठेवा.

कधी कधी संघ बाहेरगावी स्पर्धेला जाण्याआधी शहरात तिकीट लावून प्रयोग करतो. अशा वेळी मुलं ओळखीच्यांना पास देऊ करतात. घेऊ नका, तिकीट काढा. सभागृहाचं भाडं, प्रकाशयोजनेचं भाड्याने आणलेलं साहित्य, नेपथ्य नेणारा टेम्पो, पंधरा-वीस जणांचा प्रवास हा खर्च कॉलेजच्या मंजूर रकमेत बसत नाही, आणि उरलेला पैसा मुलांच्याच खिशातून जातो. तिकिटाची रक्कम तिथे खरंच कामाला येते.

वेळेचं गणित

स्पर्धेला नवख्या माणसाची सगळ्यात जास्त चिडचिड होते ती वेळेवरून, म्हणून हे नीट समजून घ्या.

स्पर्धेत संघांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो. मुलं याला ‘लॉट्स’ म्हणतात. लॉट्स काही दिवस आधी निघतात, कधी आदल्या दिवशी. म्हणून ‘आमचं नाटक शनिवारी आहे’ एवढ्यावर निघू नका, ‘कितवा नंबर?’ हे विचारा.

आता हिशेब. एकांकिका ४५ मिनिटांची धरली आणि आधीच्या संघाचं नेपथ्य काढून नवं लावायला १५ मिनिटं, तर प्रत्येक संघामागे एक तास. स्पर्धा सकाळी १०ला सुरू होणार असेल आणि तुमच्या ओळखीच्यांचा चौथा नंबर असेल, तर कागदावर दुपारी १. प्रत्यक्षात उद्घाटन आणि नटराजपूजनात २० मिनिटं जातात, दुपारी जेवणाची सुट्टी मध्ये येते, आणि नेपथ्य लावायचे १५ मिनिटं म्हणता म्हणता २० होतात. तेव्हा दीड ते अडीचच्या दरम्यान कधीही. उलटही घडतं. आधीच्यापैकी एखादा संघ आलाच नाही, तर क्रम एका तासाने वर सरकतो आणि तुम्ही पोहोचेपर्यंत एकांकिका संपलेली असते. त्यामुळे नियम असा ठेवा: आपल्या संघाच्या आधीचा एक संघ रंगमंचावर असताना तुम्ही खुर्चीत असायला हवं.

उशीर का होतो, हेही कळलं तर राग येत नाही. मोठ्या रंगमंचावर दिवे वरच्या बारला टांगलेले असतात आणि सगळ्या संघांना ते सामाईक असतात. दिग्दर्शकाला हवा तो दिवा हव्या त्या जागी वळवायला शिडी लागते आणि दोन माणसं लागतात. खाली त्याच वेळी लेव्हल लावल्या जात असतात, म्हणजे लाकडी चौथरे, ज्यावर नट उभे राहतात. शिडी आणि लेव्हल एकाच जागेवर आल्या की एक काम थांबतं. त्यात संगीताच्या पेनड्राइव्हमधली फाइल उघडत नाही, आणि कुणीतरी दुसरा लॅपटॉप शोधत पळत जातो. पडदा बंद असताना आतून ठोकाठोकीचे आवाज येत असतील तर समजा अजून पाच मिनिटं आहेत. आवाज थांबून कुजबुज सुरू झाली की घंटा होणार.

घंटा तीन. पहिलीला बाहेरचा चहा संपवा, दुसरीला खुर्चीत बसा, तिसरीला सभागृहातले दिवे जातात. तिसऱ्या घंटेनंतर दार बंद करतात, आणि ते बरोबरच आहे: ४५ मिनिटांच्या एकांकिकेत पहिली पाच मिनिटं चुकली तर पात्रं कोण, कुठे आणि का, हे पुढे कुणी पुन्हा सांगत नाही.

कुठे जायचं

महाकवी कालिदास कलामंदिर हे महापालिकेचं नाट्यगृह शालिमार परिसरात आहे. नूतनीकरणानंतर ते २०१८ मध्ये पुन्हा खुलं झालं. मोठ्या फेऱ्या, पारितोषिक वितरण इथे असतात. जवळच सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यमंदिर आहे, बोलण्यात ‘प. सा. नाट्यगृह’. वाचनालय १८४० सालचं, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांत मोडणारं. सभागृह लहान, त्यामुळे विद्यार्थी नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. नव्या प्रेक्षकासाठी हे सोयीचं. तिसरी जागा गंगापूर रोडवरचं कुसुमाग्रज स्मारक. तिथल्या विशाखा सभागृहात अभिवाचनं, दीर्घांक, छोट्या फेऱ्या होतात. चौथी जागा म्हणजे कॉलेजचंच सभागृह, जिथे प्लास्टिकच्या खुर्च्या, घुमणारा आवाज आणि पंख्याची घरघर असते. तिथे पुढे बसणं हा एकच उपाय.

शालिमारला चारचाकी नेऊ नका. मेन रोड, एमजी रोड आणि शालिमारच्या बाजारपेठेत संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यात पहिली घंटा जाते. दुचाकी चालेल. सिटीलिंकच्या बसेस सीबीएस आणि शालिमारला येतात, सीबीएसहून कालिदासला चालत जाता येतं. नाशिकरोड, देवळाली, सातपूर किंवा आडगावकडून येत असाल तर परतीच्या शेवटच्या बसची वेळ जाण्याआधीच पाहून ठेवा. स्पर्धेचं शेवटचं सत्र आणि निकाल रात्री उशिरापर्यंत लांबतात, आणि तेव्हा रिक्षाचा दर वाढलेला असतो. चौघं-पाच जण एका दिशेला जाणारे असाल तर रिक्षा आधीच ठरवा.

आणखी एक, जे नाशिकबाहेरून आलेल्यांना माहीत नसतं: डिसेंबर-जानेवारीत इथली थंडी खरी असते. दुपारी ऊन पाहून हाफ शर्टवर आलेला माणूस रात्री दहाला गंगापूर रोडवर दुचाकीवर काकडतो. स्वेटर किंवा जर्किन डिकीत टाका. वातानुकूलित सभागृहात चार तास बसायचं असेल तर ते आतही लागतं.

खाण्याचं गणित सोपं ठेवा. सभागृहात खायला बंदी असते. दोन संघांमधल्या पंधरा मिनिटांत चहा आणि वडापाव होतो, मिसळ होत नाही. मिसळ खायची तर एक एकांकिका सोडावी लागेल. सकाळी पोटभर खाऊन या, पाण्याची बाटली सोबत ठेवा.

खुर्ची निवडणं

पहिली रांग टाळा. लेव्हलची उंची आणि रंगमंचाची उंची मिळून मान वर करून बसावं लागतं, आणि नट जमिनीवर बसला की दिसत नाही. साधारण पाचवी ते आठवी रांग, मध्यापासून फार बाजूला नाही, ही उत्तम जागा. अगदी कडेच्या खुर्चीवरून विंगेतली माणसं दिसतात, म्हणजे पुढच्या प्रवेशासाठी उभा असलेला नट आधीच दिसतो आणि धक्का वाया जातो. शिवाय मागच्या बाजूचं अर्धं नेपथ्य दिसत नाही.

मध्यभागी टेबल, त्यावर लहान दिवा आणि पाण्याच्या बाटल्या दिसल्या तर ती परीक्षकांची जागा. त्यांच्या लगतच्या आणि मागच्या रांगेत बसू नका, स्वयंसेवक उठवतात. शिवाय परीक्षकांच्या कानावर तुमची प्रतिक्रिया पडू नये, हे संघांच्या दृष्टीनेही न्याय्य आहे. ज्या कॉलेजचे समर्थक घोळक्याने बसलेत त्यांच्यात बसायचं की नाही, हे तुमच्यावर. तिथे ऊर्जा भरपूर असते. ‘अरे, आव्वाज कुणाचा?’ ही आरोळी तिथूनच उठते, आणि उत्तरात कॉलेजचं नाव छप्पर हलवतं. पण ती आरोळी प्रयोगाआधी आणि नंतर. प्रयोगात ती देणाऱ्यांमुळे त्यांच्याच नटाचं वाक्य बुडतं.

प्रयोग चालू असताना

मोबाइल सायलेंटवर नव्हे, बंद. व्हायब्रेशनचा आवाज शांत प्रसंगात तीन रांगा ऐकू जातो, आणि स्क्रीनचा उजेड अंधारात नटाच्या डोळ्यांवर येतो. पूर्ण काळोखात जागा बदलणाऱ्या नटाला रंगमंचावरच्या चमकणाऱ्या पट्टीच्या खुणांवरून वाट काढायची असते. समोरून आलेल्या एका उजेडाने ती खूण हरवते आणि तो लेव्हलला ठेचकाळतो.

फोटो, व्हिडिओ काढू नका. कारण शिष्टाचारापुरतं नाही. तीच एकांकिका पुढे आणखी दोन-तीन स्पर्धांत उतरायची असते, आणि तिचा शेवट एका रीलमधून फुटला तर पुढच्या शहरातल्या प्रेक्षकापर्यंत तो आधीच पोहोचतो. संहितेवर लेखकाचा हक्क असतो ते वेगळंच. फोटो हवाच असेल तर शेवटी संघ रंगमंचावर ओळीने उभा राहतो तेव्हा काढा.

काळोख झाला म्हणजे नाटक संपलं असं नाही. एकांकिकेत पाच-सहा वेळा काळोख होतो. टाळी हातात ठेवा. संगीत पूर्ण थांबून दिवे पुन्हा लागले आणि सगळे नट समोर आले की द्या. काळोखात उठून बाहेर जाऊ नका, कारण कॉलेजच्या नाटकांत मधल्या वाटेवरून प्रवेश करण्याची पद्धत फार आहे आणि अंधारात धावत येणारा नट तुमच्यावर आदळू शकतो. पिशव्या, हेल्मेट वाटेत ठेवू नका, त्याच कारणासाठी.

हसू आलं तर मोकळेपणाने हसा. विद्यार्थी नटाला सभागृहातून हसू परत आलं की त्याचं पुढचं वाक्य सुधारतं, हे समोर दिसतं. पण हसू न येणाऱ्या जागी ओळखीचा चेहरा दिसला म्हणून हसू नका. त्यातून नटाला वाटतं प्रसंग विनोदी चाललाय, आणि तो तो प्रसंग त्याच अंगाने ओढायला लागतो.

कधी एखादा ‘ब्लँक’ जातो, म्हणजे वाक्य विसरतो. दोन-तीन सेकंद शांतता पडते. प्रेक्षागृहातून वाक्य सुचवू नका, टाळ्या वाजवून धीर देऊ नका. समोरचा नट सावरून घेतो, तालमीत त्याचाही सराव झालेला असतो. दिवे चुकीच्या वेळी लागले, फोनची रिंग वाजायच्या आधीच नटाने फोन उचलला, दाराची चौकट हलली, अशा गोष्टी होतात. त्यांच्याकडे बोट दाखवून शेजाऱ्याशी बोलायची गरज नसते.

एकांकिका आवडत नसेल तर? बसून राहा. जास्तीत जास्त तासाभराची गोष्ट आहे, आणि दोन संघांच्या मधल्या वेळेत बाहेर पडता येतं.

काय पाहायचं

सलग तीन पाहायचा सल्ला का, ते आता. पहिली एकांकिका पाहताना आपण गोष्टीच्या मागे धावतो. दुसरीत लक्षात येतं की तोच रंगमंच, तेच दिवे, पण या मुलांनी जागा वेगळी वापरली. तिसरीत तुलना आपोआप सुरू होते. एकच पाहून आलेल्याला फक्त ‘छान होती’ किंवा ‘कळली नाही’ एवढंच सांगता येतं.

काही ठोस गोष्टींवर नजर ठेवा. गर्दी रंगमंचावर असताना, आणि कॉलेजच्या एकांकिकांत ‘मॉब’ मोठा असतो, बोलत नसलेला माणूस काय करतोय ते पाहा. तो नुसता उभा असेल तर दिग्दर्शन कच्चं. दृश्य बदलताना किती वेळ काळोख राहतो ते मोजा. चांगला संघ वस्तू न हलवता दिव्याने किंवा नटाच्या वळण्याने जागा बदलतो. संवाद मागच्या रांगेत पोहोचतो का. पार्श्वसंगीत वाक्यांवर चढतं का; नवख्या संघांची ही सर्वांत नेहमीची चूक, कारण तालीम कॉलेजच्या वर्गात मोबाइलच्या स्पीकरवर झालेली असते आणि सभागृहातला स्पीकर कितीतरी मोठा असतो. शेवट लेखकाला सापडलाय की फक्त मोठा आवाज आणि लाल दिवा देऊन थांबलाय, हेही पाहा.

काही स्पर्धांच्या प्राथमिक फेरीत नेपथ्य आणि प्रकाशयोजना जवळपास नसतेच, साध्या दिव्यांत सादरीकरण होतं. नव्या प्रेक्षकाला ते कोरडं वाटेल अशी भीती असते. प्रत्यक्षात तिथे नट आणि संहिता एवढंच उरतं आणि कोण काय करतंय ते स्वच्छ दिसतं. पुढे तीच एकांकिका अंतिम फेरीत पूर्ण साजासह पाहिलीत, तर दिव्यांनी आणि संगीताने नेमकी काय भर घातली किंवा काय झाकलं, हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने इतकं कळत नाही. त्यात प्राथमिक फेरीत जागा मिळते, समर्थकांचा गोंगाट कमी असतो, आणि प्रत्येक कॉलेज दिसतं, फक्त निवडलेली पाच-सहा नव्हे. यासाठीच प्राथमिक फेरी.

सोबत लहान वही आणि पेन ठेवा. संघाचं नाव, एकांकिकेचं नाव, दोन ओळी. सहा एकांकिकांनंतर तिसरी कोणती होती ते आठवत नाही.

निकाल

निकालाला थांबायचं तर मनाची तयारी ठेवून थांबा. सर्वोत्कृष्ट एकांकिका, दिग्दर्शन, लेखन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा-वेशभूषा अशी पारितोषिकं असतात, त्याआधी परीक्षकांचं मनोगत असतं. ते चुकवू नका. अनुभवी परीक्षक दहा मिनिटांत जे बोलतात त्यातून पाहायचं कसं हे खूप कळतं. परीक्षक कडकही असू शकतात: २०२२ साली पुरुषोत्तम करंडक एकाही संघाला देण्यात आला नव्हता. तुम्हाला आवडलेली एकांकिका निकालात नसेल तर तुमची आवड चुकली असं समजू नका. परीक्षक गुणपत्रिकेत भरतात ते रकाने आणि प्रेक्षक म्हणून तुम्हाला जे भिडलं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुलं आणि ज्येष्ठ सोबत असतील तर

कॉलेजची एकांकिका म्हणजे गोंडस काहीतरी, असा समज करून आठ वर्षांच्या मुलाला नेऊ नका. विषय बहुतेकदा जड असतात: शेतकरी आत्महत्या, जात, लैंगिकता, दंगल. शिव्याही असतात. संघाला आधी विचारा, ते मोकळेपणाने सांगतात. वेगाने लुकलुकणारे दिवे किंवा धूर वापरणार आहेत का, हेही विचारा, फिट्स येण्याचा किंवा दम्याचा त्रास असलेल्यांसाठी ते महत्त्वाचं. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर मधल्या वाटेच्या लगतची खुर्ची धरा आणि बाल्कनी टाळा, अंधारात पायऱ्या उतरणं अवघड जातं. त्यांच्यासाठी प. सा. नाट्यगृहातला किंवा विशाखा सभागृहातला कार्यक्रम मोठ्या स्पर्धेपेक्षा सुखाचा.

प्रयोगानंतर

विंगेत लगेच घुसू नका. प्रयोग संपल्यावर संघाकडे रंगमंच रिकामा करायला मोजकी मिनिटं असतात, आणि पुढचा संघ सामान घेऊन उभा असतो. त्या गर्दीत गुच्छ घेऊन उभा राहिलेला पाहुणा सगळ्यांच्या पायात येतो. बाहेर, सामान उतरवतात त्या दाराशी थांबा. पंधरा-वीस मिनिटांत मुलं चेहऱ्यावरचा रंग तसाच ठेवून तिथे येतात.

बोलताना नेमकं बोला. ‘मस्त झालं’ त्यांना सगळेच म्हणतात. ‘दुसऱ्या प्रसंगात आईने ताट उचललं तेव्हा मी थबकलो’ असं काही सांगितलं तर ते मूल वर्षभर लक्षात ठेवतं. खटकलेलं असेल तर दिग्दर्शकाला एकट्याला, आणि निकालानंतर सांगा. निकालाआधी नटाला त्याची चूक सांगून काही सुधारत नाही. दिवे, संगीत, रंगभूषा सांभाळणाऱ्या मुलांशीही बोला. कॉलेजच्या संघात नटांइतकीच, कधी जास्त, मुलं पडद्यामागे असतात आणि त्यांना विचारणारं कुणी नसतं. एखादा दिवा तसाच का लावला हे विचारा. उत्तर ऐकायला अर्धा तास लागला तरी हरकत नाही.

बोलणं झालं की संघाच्या समन्वयकाकडून पुढच्या प्रयोगाची तारीख घ्या आणि कला मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात किंवा प्रसारण यादीत नंबर द्या. मग पोस्टर शोधावं लागत नाही, लॉट्स निघाले की निरोप तुमच्यापर्यंत येतो.